मान्साच्या लेकीचं नाव

पोकुआबाई,

नेतृत्वाच्या विषयात वर्गात पहिली मी आले, हे आधीच सांगते. एमबीएच्या अभ्यासासाठी आपण दोघींनी कुमासीतली बेकरी आळीपाळीनं चालवली. एकदा दोघी तिथे असताना वीज जाऊन मळायचं यंत्र बंद पडलं, तेव्हा मी कामाच्या बायकांपुढे भाषण ठोकलं. तू बाह्या सरसावून मैदा मळायला बसलीस. त्यांच्यातली मान्सा मला म्हणाली, "मॅडम, तुमचं चालू द्या, आमचे हात गुंतलेत." सगळ्या खो खो हसल्या.

आज तिच्या लेकीचं बारसं झालं. खरं-खोटं ओळखायला शिकावं म्हणून रीतीप्रमाणे बापानं बाळाच्या जिभेला आधी पाणी, मग दारू टेकवली आणि तुझं नाव ठेवलं. पोर माझ्या मांडीवर रडतच राहिली. शेवटी दातओठ खात मी हाक मारली, "पोकुआ!"

गप्प झाली मेली.

तिकडे अक्रात हे कळलं, तर तू हुरळून जाशील. म्हणून पत्र टाकणार नाही.

पहिली आलेली,
कोनाडू