प्रमुखपदाची मुलाखत काचेआडून घेण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
जीवाणू-संरक्षण व लस केंद्र, सारितोबे

विषय : लस प्रयोगशाळेच्या प्रमुखपदासाठी माझीही मुलाखत काचेआडून घेण्याबाबत.
संदर्भ : बालझान ओरिनबायेवा यांची आज सकाळची मुलाखत.

महोदय,

मी, कुआनिश येसिमोव, प्लेगच्या जंतूंवर सत्तावीस वर्षे काम करणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व वरील पदाचा उमेदवार, आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की,

१. ओरिनबायेवा यांना सुई धरायला मीच शिकवले. गेल्या बुधवारी प्लेगच्या जंतूंची सुई त्यांनी उंदराऐवजी स्वतःच्या बोटात खुपसली. नियमाप्रमाणे त्यांना सहा दिवस विलगीकरण कक्षात ठेवले, ते योग्यच. परंतु चूक करणारी बाई एका दिवसात वीरांगना कशी झाली, याचा खुलासा व्हावा. माझ्या हातून सत्तावीस वर्षांत एक थेंब सांडला नाही. जे घडलेच नाही, त्याचे कौतुक कोण करणार?

२. नौरोजच्या, म्हणजे नववर्षाच्या, जेवणात आपल्याकडे मेंढ्याचे मुंडके सर्वांत मानाच्या माणसापुढे ठेवतात. आपण ते त्यांच्या काचेसमोर स्टुलावर ठेवलेत. त्यांना ते खाताही येईना. त्याचा कान कापून आपण माझ्या ताटात वाढलात. कान पोरासोरांना देतात, महोदय, आणि मी एकोणसाठ वर्षांचा आहे. स्वयंपाकीण राबिगा आपा तर सर्वांदेखत म्हणाली, "खा रे कुआनिश, आता तरी मोठ्यांचं ऐकायला शीक." कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी त्या दिवशी कानासकट चावून गिळली.

३. आज समितीने त्यांची मुलाखत काचेपलीकडून फोनवर घेतली. दोन सदस्य डोळे पुसत होते. माझ्या मुलाखतीत हेच दोघे तळलेले बाउरसाक खात बसले होते. सबब समान संधीच्या तत्त्वानुसार मलाही शेजारच्या कक्षात कोंडून माझी मुलाखत पुन्हा घ्यावी. त्यासाठी सुई टोचून घेणे आवश्यक असल्यास माझी हरकत नाही.

४. त्यावर कडी म्हणजे, "तुम्ही आत असताना काम कोण बघणार?" असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "कुआनिश आगा आहेत ना. त्यांचा हात कधी कापत नाही. खरं म्हणजे खुर्ची त्यांचीच आहे, मला काय विचारता?" मोठेपणातही बाईंनी मला मागे टाकले. माझा नुसता जळफळाट झाला.

येथवर लिहून मी त्यांचा ताप बघायला गेलो, कारण ते काम माझ्याकडे आहे. ताप नव्हता. मी काचेबाहेरून त्यांना पारा झटकून पुन्हा मोजायला लावले. तरीही नव्हता. त्या हसून म्हणाल्या, "आगा, किती काळजी करता हो माझी!"

महोदय, ती काळजी नव्हती. मला ताप हवा होता.

तरी माझी उमेदवारी मी मागे घेत आहे. प्रमुखपद ओरिनबायेवा यांना द्यावे, आणि उद्या सकाळी त्यांचा ताप कृपया दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगावे.

आपल्या केंद्राचा जुना नोकर,
कुआनिश येसिमोव
दि. २४ मार्च २०१४