परक्या लुगड्याचा तुकडा

आई, गेल्या महिन्यात इथे इंदूरच्या लालबागेतल्या मेळ्यात मी एका दुकानदाराशी भांडले. नातीसाठी फ्रॉक बघत होते. "हाथ की सिलाई है माताजी, घर की औरतें बनाती हैं," असं तो सांगत होता आणि मी सवयीनं फ्रॉक उलटा करून आतली शिवण बघायला लागले. गळ्याची पट्टी, काखेतला जोड, खालची दुमड, सगळं बोटानं चाचपून झालं. तो म्हणाला, "माताजी, फ्रॉक सीधी तरफ से पेनते हैं." बरोबरची सून हसली. मी त्याला सांगितलं, ही मशीनची टीप आहे, हातशिलाई कशी असते ते मला शिकवू नकोस. मग तो चिडला, मी चिडले, आणि फ्रॉक न घेताच आम्ही घरी आलो. रिक्षात सून म्हणाली, "आई, तुम्ही प्रत्येक कपड्यात काय शोधता?" तिला काय सांगणार? हे तुलाच सांगायला पाहिजे, म्हणून लिहायला बसले आहे.

मी शंकेखोर आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे. दूधवाला मापात मारतो अशी मला शंका, डॉक्टर नको ते औषध देतो अशी शंका, लेक फोनवर "सगळं छान आहे" म्हणाली की काहीतरी बिनसलंय अशी शंका. घरात थट्टा होते माझी. पण हे खूळ आलं कुठून, ते कोणी विचारत नाही. ते आलं तुझ्या शिवणातून.

तेव्हा नवं राज्य होऊन राजधानी भोपाळला गेली होती आणि बाबांच्या कचेरीत सगळ्यांनी बदलीची धास्ती घेतली होती. तुझं मात्र रोजचं चालूच. दुपारची जेवणं आवरली, चूल सारवली, की तू स्वयंपाकघरातच उंबऱ्याशी उजेडात चटई टाकायचीस. मशीन आपल्याकडे कधीच नव्हती. सुई, दोऱ्याचं रीळ आणि बाबांच्या आईची जड कातरी एवढ्यावर तू काय काय शिवलंस! बाबांच्या जुन्या पँटचं माझं दप्तर, धोतराची झबली आणि टोपडी, उरल्यासुरल्या तुकड्यांचे बटवे. माझा जुना फ्रॉक वर्तमानपत्रावर उलगडून पेन्सिल फिरवायची आणि बोटभर जागा जास्त सोडून कापायचं, हे तुझं माप. गळ्यासाठी आमटीची वाटी उपडी ठेवायचीस. मोठ्या माणसाचा गळा असला तर पातेलीवरचं झाकण. मला हे बघायला फार आवडायचं. तू कापत असताना मी कातरीचा आवाज ऐकत पडून राहायची, आणि त्या वेळी तरी माझ्या मनात काही वाकडं नसायचं.

वाकडं आलं ते भाजीबाजारात. एका अनोळखी बाईनं माझा गाल धरला आणि म्हणाली, "गोड आहे हो पोर. तुमचीच का?" तू पिशवीत गिलकी भरता भरता म्हणालीस, "नाही हो, शेजाऱ्यांची." मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. तू हसत नव्हतीस. घरी येईपर्यंत मी तुझा हात धरला नाही. थोड्या दिवसांनी देवळात कोणीतरी तेच विचारलं आणि तू तेच म्हणालीस. धाकटा भाऊ तुझ्या कडेवर होता. त्याच्याबद्दल विचारल्यावर मात्र झटकन म्हणालीस, "हो, हा आमचा."

त्यानंतर मी पुरावे गोळा करायला लागले. आंघोळीनंतर कपडे घालताना फ्रॉक उलटा करून बघितला, तर खालच्या दुमडीत, बाहेरून अजिबात दिसणार नाही असा, निळ्या चौकटीच्या कापडाचा तुकडा होता. दुसऱ्या फ्रॉकमध्ये तो काखेत निघाला. परकराच्या नेफ्यात, दप्तराच्या तळाला, शाळेच्या ब्लाऊजच्या कॉलरखाली, सगळीकडे तो होता. कापड फाटलेलं नाही, कमी पडलेलं नाही, तरी ठिगळ. धाकट्याचे सगळे शर्ट मी उलटे करून पाहिले, एकातही काही नव्हतं. त्याचे कपडे कोऱ्या कापडाचे, शेजारचे काका मिलमधून कटपीस आणायचे त्यातले. आणि निळ्या चौकटीचं ते लुगडं कोणाचं, हे आपल्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते शेजारच्या काकींचं.

मग मला सगळं कळलं, किंवा मला तसं वाटलं. काकींना सहा मुलं. त्यांनी सातवी म्हणून मला तुला देऊन टाकलं असणार, आणि ओळख राहावी म्हणून प्रत्येक कपड्यात खूण. शाळेत आम्ही पाटीवर नाव लिहायचो, तसं. मी काकींच्या घरी जाऊन त्यांच्या मुलींचे चेहरे बघत बसायची. त्यांच्या मधल्या मुलीच्या पुढच्या दातांत फट होती, माझ्याही होती. झालं, माझी खात्री पटली. रात्री तू पांघरूण घालायला आलीस की मी झोपेचं सोंग घ्यायची आणि विचार करायची, ही कोण बाई आपल्याला पांघरूण घालते आहे. आज हसू येतं, पण तेव्हा मला ते अगदी खरं वाटायचं.

एका दुपारी मी फ्रॉकची दुमड उसवली आणि तो तुकडा काढून खिडकीतून फेकला. मला वाटलं, बघू काय होतं. तू फ्रॉकचा लोंबता काठ बघितलास आणि तुझा चेहरा पांढराफटक पडला. मी मार खायच्या तयारीनं उभी होते. तू मारलं नाहीस. विचारलंस, "तुकडा कुठाय?" मी बोट दाखवलं. तू अनवाणी मागच्या गल्लीत गेलीस, तुकडा शोधून आणलास, झटकलास, आणि फ्रॉक काढायलाही वेळ न देता माझ्या अंगावरच शिवायला बसलीस. अंगावर कपडा शिवू नये, शिवायचाच तर ज्याच्या अंगावर त्यानं तोंडात दोरा धरायचा, हे तूच शिकवलं होतंस. तू दोऱ्याचा तुकडा तोडून माझ्या दातांत दिलास.

"सोडायचा नाही. आणि एक अक्षर बोलायचं नाही."

मला इतकं विचारायचं होतं, आणि तोंडात दोरा. तू गुडघ्यावर बसलेली, तुझा खांदा माझ्या नाकाशी. तुझं ते माहेरचं तपकिरी लुगडं, पांढऱ्या बारीक ठिपक्यांचं. मी ते ठिपके बघत उभी राहिले. सुई मला एकदाही लागली नाही. शिवून झाल्यावर गाठ मारलीस, दोरा दातांनी तोडलास आणि म्हणालीस, "परत हात लावलास तर याद राख." एवढंच. कारण नाही, काही नाही. तू कारण सांगितलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता की नाही कोण जाणे, पण तू सांगायला हवं होतंस, आई. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी काकींच्या स्वयंपाकघरात गेले. त्या मक्याचे भुट्टे किसत होत्या, कीस करायचा होता. "आओ बेटा, बस," म्हणाल्या. मी बसले नाही.

"काकी, मी तुमची आहे का?"

"किसने बोला तुझे?"

"फ्रॉकनं," मी म्हणाले, आणि दुमड उलटी करून दाखवली.

त्या आधी पोट धरून हसल्या. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसू थांबवलं. किसणी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले. "इधर आ. आईला सांगू नको हं मी बोलली म्हणून. बोललं की त्यातला असर निघून जातो म्हणतात. तुझ्या आधी दोघी झाल्या होत्या तिला. एकही नाही राहिली. मग तू झालीस. ज्या बाईची पोरं राहत नाहीत ना, तिनं बाळाला नवं कापड घालायचं नाही. भरल्या घरातून जुनं मागून आणायचं. आणि कोणी विचारलं तर आपली आहे असं बोलायचं नाही. म्हणजे नेणाऱ्याला वाटतं, ही हिची नाहीच, मागून आणलेली आहे. माझी सहाही पोरं धडधाकट, म्हणून माझ्याकडे आली ती. पायरीवर उभी राहून पदर पसरला तिनं. तुझं पहिलं झबलं पूर्ण माझ्या लुगड्याचं आहे."

"मग धाकट्याला का नाही?"

"तू निभावलीस ना. तुझ्या पाठीवरचा तो, त्याची फिकर नव्हती. पण तुझं बंद करायची हिंमत नाही होत तिची. मी बोलली, आता बस कर, पोरगी शाळेत जाते. तर बोलते, राहू द्या, एक तुकडा तर आहे."

त्या दिवशी त्यांनी मला वाटीभर कीस दिला, वरून खोबरं आणि लिंबू. आपल्या पोरांना त्यांनी थोडा थोडा दिला होता, मला भरपूर. तेवढ्यावरून माझी शंका पुन्हा उभी राहिली. मोठ्या माणसांकडे उत्तरं तयार असतात, हे मला त्या वयातही समजत होतं. दोन बहिणी होत्या तर त्यांचं काही घरात का नाही? एक टोपडं, एक खुळखुळा, काहीच कसं नाही? आज मला माहीत आहे की अशा वस्तू कोणी ठेवत नाही. तेव्हा मला ते खोटं बोलल्याचं लक्षण वाटलं. म्हणून मी गप्प राहिले आणि बघत राहिले. तुकडे येत राहिले, मॅट्रिकच्या परीक्षेला घातलेल्या पोलक्यातसुद्धा. मी उलटं करून बघायची, निळी चौकट दिसली की परत सुलटं करायची. तू माझ्याशी नीट वागलीस की मला वाटायचं, ही परक्याच्या पोरीला जपते आहे. रागावलीस तरी तेच वाटायचं.

माझ्या लग्नाच्या पोलक्याला तू अस्तर लावलंस. तोपर्यंत काकी राऊला राहायला गेल्या होत्या, आणि राऊ तेव्हा आजच्यासारखं इंदूरला चिकटलेलं नव्हतं. तू पोलकं माझ्या हातात दिलंस तेव्हा मी अस्तरावरून बोट फिरवलं. डाव्या बाजूला, आत, जाडसर चौकोन लागला. मी मनात म्हटलं, इथेही. सासरी जातानाही ही मला शेजाऱ्यांचीच म्हणून पाठवते आहे. मी तुझ्या पाया पडले, पण रडले नाही. बायका म्हणाल्या, पोरगी घट्ट मनाची आहे. तू मात्र फार रडलीस, आणि ते रडणंसुद्धा मी तपासून बघितलं.

तू गेल्यालाही आता खूप वर्षं झाली. अस्तर मी कधी उसवलं नव्हतं. काय निघणार ते ठाऊक होतं ना, मग कशाला? पण त्या मेळ्यातून आल्यावर सुनेचा प्रश्न डोक्यातून जाईना. दुपारी सगळे झोपल्यावर ट्रंकेतून पोलकं काढलं, चष्मा लावला आणि एकेक टाका उसवला. तुझी उलटी टीप इतकी बारीक की सुईचं टोक शिरेना. अस्तर बाजूला केलं. आत निळी चौकट नव्हती. तपकिरी कापड होतं, पांढऱ्या बारीक ठिपक्यांचं.

मी चष्मा पुसून परत बघितलं. तुझ्या माहेरचं लुगडं. तू ते नेसतच होतीस तेव्हा, त्याचा पदर कापलास. मला वाटलं, तू शेवटी मला आपली म्हणालीस. पाठवायच्या वेळी का होईना, माझं कापड हिच्या अंगावर आहे, नेऊन दाखवा आता, असं म्हणालीस. मला इतकं रडू आलं की सून उठून आली आणि विचारायला लागली, कुठे दुखतंय का.

पण मी कोण आहे ते तुला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत शंका परत आलीच. काकी राऊला. लग्नघाई. तुला तिथवर जायला जमलंच नसेल, आणि हाताशी दुसरं कापड नसेल म्हणून आपलंच लावलं असशील. किंवा गेली असशील आणि निळं लुगडं तोवर संपलं असेल. दोन्ही गोष्टी शक्य आहेत. आणि खरं काय ते सांगू शकेल असं एकच माणूस आता उरलं आहे, दातात फट असलेली काकींची ती मधली मुलगी. तेव्हा ती राऊच्या घरीच होती. तू आली असतीस तर तिनं तुला पाहिलं असतं.

ती परवा मला पलासियाला दवाखान्यात भेटली. शेजारीच येऊन बसली, हात हातात घेतला. "कशी आहेस गं? किती सालांनी," म्हणाली. नंबर यायला वेळ होता. माझ्या जिभेवर प्रश्न अगदी तयार होता: माझ्या लग्नाआधी आई तुमच्याकडे कापड मागायला आली होती का? आली होती म्हणाली असती तर तो तपकिरी तुकडा नाइलाजाचा, नाही म्हणाली असती तर कदाचित तुझ्या मनचा. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "तुझे गुडघे कसे आहेत?" मग ती गुडघ्यांबद्दल बराच वेळ बोलत राहिली, आणि मी ऐकत राहिले.

पोलकं परत शिवलं आहे. माझी टीप तुझ्याइतकी बारीक आली नाही, डाव्या बाजूला जरा वाकडी झाली आहे. हा कागद त्याच्याच घडीत ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? नातीचा फ्रॉक घरीच शिवायला घेतला आहे, गळ्याला वाटी ठेवून, आणि आत तुकडा वगैरे काही लावलेला नाही. आई, दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत मी कोणाला सोडलं नाही. तो तपकिरी तुकडा तू का लावलास, आयुष्यात न तपासता ठेवलेली ही एकच गोष्ट आहे.