शेजारच्या खुंटीवरचा लगाम

१४ तारीख, बुधवार सकाळ

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. हाताच्या पट्ट्या निघाल्या का? डॉक्टरीणबाईंनी बोटं वळवायला सांगितलीत, ती वळवता की नुसते नर्सवर डाफरता? इकडे आम्ही ठीक. आईंचा गुडघा कुरकुरतोय, आणि गुडघ्यापेक्षा आई जास्त. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. तुमच्या दादांनी तो 'कायमचा' दुरुस्त केला होता, आठवतंय ना?

काल रिसाल्यात जाऊन आले. त्याचं पुढे लिहिते.

तुमचा निरोप शिध्याच्या गाडीवाल्याने परवाच सांगितला. उद्या पहाटे रणगाडे निघणार, आज संध्याकाळी तुम्ही दवाखान्यातून थेट तिकडे जाणार, दादांना शोधून आणणार. तुमचा रणगाडा पेटला त्याला अजून महिना झाला नाही. ज्या हाताने चमचा धरवत नाही, त्या हाताने रणगाडा हाकणार?

रिसाल्याची रीत मी तुम्हाला काय सांगणार? लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच ती मला छाती फुगवून सांगितली होती. घोडे गेले नि रणगाडे आले, तेव्हा जुन्या स्वारांनी आपापले लगाम दालनात टांगले. तेव्हापासून भरती होणाऱ्या प्रत्येकाला एक लगाम आणि नावाची खुंटी. मोहिमेवरून परतला की त्यानेच तो उतरवायचा, तेल लावून पुन्हा टांगायचा. नाही परतला, तर घरच्यांनी न्यायचा. एकदा घरच्यांनी नेला की तो माणूस रिसाल्यातून गेला. त्याला कुठल्याच रणगाड्यात जागा नाही. मी किती हसले होते, घोड्याचा पत्ता नाही आणि लगामाचा केवढा थाट! कोठीवाल्याला तर अजून 'नालबंद'च म्हणता तुम्ही.

काल मला यांचा लगाम न्यायला बोलावलं होतं. नदीपलीकडे गेलेला यांचा रणगाडा सापडला नाही, हे सापडले नाहीत. पण निघण्यापूर्वी खुंटी मोकळी व्हायला हवी, असं साहेब म्हणाले. अगदी मऊ आवाजात. मला त्या आवाजाचाच राग आला.

सगळे रांगेत उभे. नालबंदाने स्टूल आणून ठेवलं, मी चढले. यांची खुंटी, आणि लागून तुमची. यांच्या लगामाला हात लावला. बकलावर धुळीचा कण नव्हता, कुणीतरी रोज पुसत असणार. हात पुढे सरेना. मग मी शेजारचा उतरवला.

"वहिनी, तो नाही, पलीकडचा," नालबंद हळूच म्हणाला.

"मला वाचता येतं," मी म्हणाले.

साहेबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. घरच्या बाईने हातात घेतलेला लगाम परत मागायचा कसा, हे त्यांच्या रीतीत कुणी सांगून ठेवलेलं नाही. नालबंदाने टोपी काढली, मग एकेक करून सगळ्यांनी. भाऊजी, तुम्ही जिवंत असताना सगळा रिसाला तुमच्यासाठी उघड्या डोक्याने उभा राहिला. मी लगाम छातीशी धरून बाहेर आले.

तेव्हा आज तिकडे गेलात, तरी तुम्हाला कुणी गाडीत घेणार नाही. तुमचा जिवाभावाचा तोफवालासुद्धा नाही. मी बाहेर येताना त्यालाच विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान नकाराचीच हलली. चारचौघांत तुमची शोभा केली मी. माफी मागत नाही. दोघंही जावेत एवढं माझं काळीज मोठं नाही.

आईंनी लगाम बघून एवढंच विचारलं, "कुणाचा गं?"

"धाकट्याचा," म्हटलं.

त्यांनी तेलाची वाटी मागितली. अजून चोळत बसल्यात, आणि गुडघ्याचं नावही काढलेलं नाही.

गाडीवाला दारात हॉर्न वाजवतोय, आटपते. यांचा लगाम खुंटीवरच आहे. तो यांनीच येऊन उतरवायचा. रागावलात तर रागवा, बोलू नका माझ्याशी, पण घरात बसून बोलू नका. आणि खाली सहीत मी 'सौ.' लिहिते आहे. ते खोडायला सांगायचं असेल, तर या आणि माझ्यासमोर बसून सांगा.

तुम्हा दोघांचीही वाट पाहणारी,

सौ. वहिनी