लाल गोल

३ जुलै, सकाळी ६.१०
बारावी सुरू. वरच्या गणिताच्या बॅचमध्ये आम्ही तीस जण. सप्टेंबरच्या चाचणीनंतर त्यातले बाराच राहणार, बाकीचे साध्या गणितात. बाराजणांत मी आहेच, उरलेल्या अकरांची काळजी सरांनी करावी. रोज तीन तास अभ्यास. आज वेळापत्रक आखलं, चार रंगांत. दमलो.

६ जुलै
आत्याची बदली झाल्यामुळे आतेबहीण वर्षभर आमच्याकडे. माझाच वर्ग, माझीच बॅच; तीस जणांत तीही धरलेली. बैठकीच्या खोलीत माझ्यासमोर तिचं टेबल. मी पाच महिन्यांनी मोठा, तरी बाबा कोडी तिलाच घालतात. मी जळतबिळत नाही. नोंद ठेवतो, इतकंच.

१९ जुलै
अभ्यास : शून्य तास. कारण : ती सारखी पेन्सिल तासते.
आज सर तिला ‘वा’ म्हणाले. मला आजवर ‘बस खाली’च्या पुढे काही मिळालेलं नाही. दिवसभर पोटात दुखत होतं. पाणी बाधलं असावं.

२ ऑगस्ट
गुपित सापडलं! केराच्या टोपलीत तिचे चुरगळलेले कागद, इंटिग्रेशनने भरलेले. हुशार माणसं खरा माल असा लपवतात. संध्याकाळी टोपली मीच खाली नेली. आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

११ ऑगस्ट
एकूण एकोणीस कागद. सगळ्यांना इस्त्री केली. काही ओळींभोवती लाल गोल आहेत, म्हणजे त्या महत्त्वाच्या. गोलांसकट पाठ करतोय. आई शेजारच्या काकूंना सांगत होती की मुलगा घरात हातभार लावायला लागला.

२० ऑगस्ट
तिने स्वतःची फेअर वही पुढे केली. म्हणाली, “दादा, वाटलं तर बघ.” मला गंडवायला निघाली आहे. वही घडी घालून माझ्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. टेबल हलायचं थांबलं. वहीचा एवढाच उपयोग.

३ सप्टेंबर
चाचणी. पाचवा प्रश्न : x वर्ग गुणिले साइन x, त्याचं इंटिग्रेशन. सातव्या कागदावरचंच! हसू आवरेना. लाल पेन चालत नाही, म्हणून गोल निळा काढला. वीस मिनिटं आधी बाहेर पडलो. ती अजून खाली मान घालून लिहीत होती. बिचारी.

१० सप्टेंबर
ती पहिली. मी एकोणतिसावा. तिसावा त्या दिवशी आजारी होता.
सरांनी पेपर समोर धरला. आवाज चढवला नाही. म्हणाले, “चूक तुला सापडली होती. तिच्याभोवती गोलही काढलास. मग दुरुस्त का नाही केलीस?”
सोमवारपासून साधं गणित. घरी बाबांनी पेपर बघितला आणि घडी घालून परत दिला. रागावले असते तर बरं झालं असतं. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

१२ सप्टेंबर
टोपली भरून वाहतेय. आईने विचारलं, दोन दिवस झाले, नेत का नाहीस? नेली. आत बघितलं नाही.
मग टेबलाखालची वही काढली. पहिल्याच पानावर x वर्ग गुणिले साइन x. शेजारी तिच्या अक्षरात : ‘दादा, दुसऱ्या पायरीत चिन्ह बदलतं. मी तीनदा चुकले, तू चुकू नकोस.’
उद्यापासून रोज तीन तास. आज जमणार नाही, टेबल हलतंय.