बाबांचा नमस्कार वेगळा

चिमे,
दादाचे आशीर्वाद. आईला नमस्कार सांग. बाबांचा शेवटी वेगळा लिहिलाय.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. काल सरांनी पहिल्यांदाच रक्तवाहिनी शिवायचं काम पूर्ण माझ्यावर सोपवलं. धागा केसाहून बारीक, पण हात थरथरला नाही. एका आजोबांचा पाय वाचला. सकाळी त्यांच्या पावलावर बोटं टेकवून नाडी बघत होतो, तर म्हणतात, "अहो डॉक्टर, माझ्या पाया काय पडताय?" सगळा वॉर्ड हसला.

चालताना पोटरी दुखायची म्हणून हे आजोबा मध्येच थांबायचे. घरच्यांना वाटायचं, गप्पा मारायला थांबतात.

तू लिहिलंस, बाबा हल्ली कोपऱ्यावर दिसेल त्याच्याशी बोलत उभे राहतात. आपले बाबा, चिमे? कामाशिवाय तोंड न उघडणारे? सिगारेट सुटली का गं त्यांची?

आईला इतक्यात काही बोलू नकोस. बाबांना माझा नमस्कार नुसता सांगू नकोस, वाकून कर. दोन्ही पावलांवर, वरच्या बाजूला मधोमध, बोटं हलकेच टेकव. ते म्हणतील, "पुरे, ऊठ आता."

ठोका लागेपर्यंत उठू नकोस.

तुझा,
दादा