चार ग्लास पाण्यापलीकडे

१० डिसें. ८४, सोम.
सोनोग्राफी मशीन येऊन नववा दिवस. एक्स-रेत सावली बघायची. इथे आवाज पाठवायचा आणि परत काय येतं ते बघायचं. तोही कानाला ऐकू न येणारा आवाज! पाणी काहीच परत करत नाही, म्हणून काळं. हाड जवळपास सगळं परत करतं, म्हणून पांढरं. ही म्हणाली, "जेवताना तरी मशीन बाहेर ठेवा."
पोटावर लावायची जेली संपली. खोबरेलावर भागवतोय, तेही थंडीने गोठलंय. बाटली हीटरपाशी.

११ डिसें.
रेखा, सक्करदऱ्याची, वय बावीस. दोनदा गर्भ गेलाय. आता तिसरा महिना म्हणते, तारखा पक्क्या नाहीत. दोन दिवस थोडं रक्त जातंय. सोबत सासू. पोटावर मशीनचा प्रोब फिरवून थकलो. नुसता पांढरा गोंधळ. सासू: "काही दिसून राहिलं का डॉक्टरसाहेब?" रिपोर्टात लिहिलं, गर्भ दिसत नाही. प्रसूतीच्या डॉक्टर बाईंनी परवा सकाळी पिशवी साफ करायचं ठरवलं. रेखा पोटावरचं तेल पुसत राहिली.

१२ डिसें., दुपार
तो गोंधळ डोक्यातून जाईना. ओपीडी संपल्यावर स्वतःच टेबलावर आडवा झालो. लघवीला जाऊन आलो होतो. तसाच गोंधळ! आतड्यातला वायू आवाजाला पुढे जाऊच देत नाही, सगळा तिथूनच माघारी. मग चार ग्लास पाणी, तासभर कळ काढली. मूत्राशयाचं काळंभोर तळं, आतडी बाजूला सरकलेली, तळ्यामागचं सगळं लख्ख. वा!
पण हे तर वाचलेलं होतं. काल विचारलं का नाही? सासूसमोर सुनेला लघवीचं कसं विचारायचं, म्हणून. मूर्ख. स्वतःची लाज वाटली.
बाईंना फोन: उद्याचं थांबवा, मी परत बघतो. मग स्कूटरने थेट सक्करदरा, रेखाच्या घरी. सासू: "मीच तिले मोकळी होऊन ये म्हटलं होतं. डॉक्टरापुढे तसंच कसं निजाचं?"

१३ डिसें.
रेखा सांगितल्याप्रमाणे भरपूर पाणी पिऊन आली. पिशवी दिसली. आत काळं गोल, गोलात तांदळाएवढं काहीतरी. आहे! त्यात ठोका? एकदा वाटलं, हो. पण तिच्या श्वासाबरोबर सगळंच हलत होतं. बाई म्हणाल्या, तारखा चुकल्या असतील तर इतक्यात ठोका दिसणारही नाही, आठ दिवस थांबू.
रेखा पहिल्यांदाच आपणहून बोलली. "मले दाखवा ना." पडदा तिच्याकडे वळवला. बराच वेळ बघत होती.

२१ डिसें., सकाळ
रक्त थांबलंय. बाहेर बाकावर बसलीय, सासूच्या हातात तांब्या. "थांब वं, उठू नको. अजून एक घोट घे."
तेल कोमट करून ठेवलंय. आज ठोका दिसला नाही, तर पाण्याला बोल लावता येणार नाही. भीती वाटते. आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.
हाक मारतो तिला.