चौपट पगार आणि एक खोली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक, हे मृत्युपत्र राहत्या घरी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकेल असे माणूस एकच होते, माझी पत्नी. ती गेल्या वर्षी वारली.

कलम १. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी विचार करून केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात घर आणि मुदत ठेव मुलीला, आणि मुलाला फक्त माझे मनगटी घड्याळ होते. कारण मुलाचा पगार मुलीच्या चौपट. पत्नी म्हणाली होती, "त्याला काय कमी आहे? घड्याळ द्या, वेळेवर फोन तरी करेल." मी हसलो आणि सही केली. चौतीस वर्षे मी दुकानदारांना खोट्या मापाबद्दल दंड केला. इथे माझेच माप खोटे निघाले. ते कसे, हे लिहून ठेवणे भाग आहे, नाहीतर माझ्यामागे वाद होतील.

कलम २. पत्नी गेल्यावर मुलाने मला त्याच्या शहरात नेले. तिथे मी महिनाभर राहिलो. त्याच्याकडून काही घ्यायचे नाही, भाड्यातला माझा वाटाही पेन्शनमधून द्यायचा, असे मी ठरवले. रागाने नव्हे, मला पाहायचे होते. इथे महिनाअखेर ज्या पेन्शनचा तिसरा हिस्सा उरतो, ती तिथे अकराव्या दिवशी संपली. उरलेले दिवस मुलाने पोसले.

मग मला छंदच लागला. भेटेल त्याला मी विचारी, किती मिळाले म्हणजे तुमचे नीट भागेल? केशकर्तनालयात कात्री चालवणारा म्हणाला, "काका, तुमच्या गावात कटिंगचे किती घेतात?" मी सांगितले. तो म्हणाला, "मग तिकडूनच कापून यायचं की! पण जाण्यायेण्याचं भाडं धरलं तर मीच स्वस्त." आणि त्याला स्वतःला किती पुरतील? "आत्ता मिळतात तेवढेच बास. फक्त खोलीभाडं दुसऱ्या कुणीतरी भरावं." आपण एखाद्या घराला खाऊनपिऊन सुखी म्हणतो. त्यात राहण्याचा खर्च कोणी धरलेला नाही, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळले.

मुलाचे घर म्हणजे एक खोली. जेवणाचे टेबल भिंतीला मिटवल्याशिवाय पलंग उघडत नाही. माझी गादी दाराशी, त्यामुळे मी उठेपर्यंत कोणाला बाहेर पडता येत नसे. एकदा सून म्हणाली, "बाबा, तुम्ही निरीक्षक ना? मग पाळणा कुठे ठेवायचा ते शोधून द्या." थट्टाच केली तिने. मी टेप घेऊन खरोखर मोजले. जागा निघाली नाही. मी टेप गुंडाळली तेव्हा ती ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत होती.

मुलगा आईला कधी राहायला बोलावत नाही, सुनेला नको असेल, असा पत्नीचा समज होता. तो तिच्या वतीने मी मागे घेतो.

कलम ३. राहते घर, चार खोल्या आणि मागची मोकळी जागा, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत मुलीला द्यावी. ती, जावई आणि दोन नातवंडे इथेच राहतात. घर विकून अर्धे पैसे मुलाला द्यावेत का, हे मी त्याच्या भागातल्या दलालाला विचारून पाहिले. तो म्हणाला, "काका, त्या अर्ध्यात न्हाणीघर येईल. दाराचे वेगळे." सबब घर विकू नये.

कलम ४. माझा लहान तराजू कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला द्यावा. त्याच्या पाच किलोच्या वजनाच्या पोटात मला लाकूड सापडले होते. दंड भरल्यावर त्याने मला 'गुंजभर' असे नाव ठेवले, आणि ते बाजारभर झाले. एकोणीस वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. पत्नी गेली त्या दिवशी दुकान बंद ठेवून तो फाटकाशी उभा होता, आत आला नाही. तराजू देताना, तो खरा आहे, एवढे सांगावे.

कलम ५. मुदत ठेव. ती मुलाला द्यायचे मनात आहे, हे मी मुलीला आधी सांगितले. ती ग्रंथालयात नोकरी करते, शब्द जपून वापरते, पण त्या दिवशी म्हणाली, "पगार त्याचा चौपट, आणि ठेवही त्यालाच? आई असती तर चाललं असतं?" मी म्हटले, हरकत घे, पण आधी तिथे आपल्या पगारात राहून ये. मला वाटले, रागावेल. ती रजा टाकून गेली.

पाचव्या दिवशी परतली. पिशवी खाली ठेवत म्हणाली, "टेबलावर मी वही विसरले, तर कुणाला झोपता येईना." मग जरा वेळाने, "दादाच्या घरापासून हृदयाचं हॉस्पिटल सात मिनिटांवर आहे. मी घड्याळ लावून चालले."

आमच्याकडे हृदयाचा डॉक्टर बुधवारी येतो. तिची आई शनिवारी गेली. आमच्या स्वस्ताईत हेही येते, ते आम्ही कधी धरले नव्हते.

"दादाला दुसरी खोली असती," मुलगी म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडले.

मी हे कलम लिहायला बसलो तेव्हा तिने कागदावर हात ठेवला. "मृत्युपत्रात लिहून काय उपयोग? वहिनी छत्तीसची आहे, बाबा. तुम्ही नव्वद वर्षं जगलात तर?"

काल आम्ही दोघे बँकेत गेलो. कारकून म्हणाला, "आजोबा, चौदा महिने थांबलात तर पूर्ण व्याज मिळेल. आत्ता बुडेल." माझ्याआधी मुलगीच म्हणाली, "बुडू द्या."

दोन खोल्यांची अनामत आणि भाड्यातला तीन वर्षांचा फरक, एवढी रक्कम मुलाकडे पोचली आहे. पुढचे त्याने पाहावे. सबब माझ्या मृत्यूच्या वेळी ही ठेव नसेल. कोणी शोधू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझ्या मनाप्रमाणे आहे.

सही: मृत्युपत्र करणारा
कलम ५ मान्य, सही: मुलगी

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली:
१. शेजारचे औषध दुकानदार
२. माझ्या कार्यालयातले निवृत्त शिपाई

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर